सूट नको, सोय हवी : दिव्यांग विद्यार्थी आणि विज्ञान शिक्षण

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव तेथील प्राचीन मंदिरे, कोरीव स्तंभ आणि दगडी बारव यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. ज्या कारागिरांनी हा वारसा उभा केला, त्यांना भूमिती, भाराचा तोल आणि दगडाचे गुणधर्म यांची उत्तम जाण होती, हे निराळे सांगावयास नको. ही जाण त्यांच्या डोळ्यांत जितकी होती, तितकीच ती त्यांच्या हातांतही होती. हात, कान आणि नाक हीदेखील ज्ञानाची साधने आहेत, ही गोष्ट शाळेतील विज्ञान शिकविताना मात्र आपण विसरतो.

चारठाण्यासारख्या गावात आठवीच्या वर्गात एखादा दृष्टिहीन मुलगा किंवा कर्णबधिर मुलगी असेल, तर विज्ञानाच्या तासाला काय घडते? पुष्कळ ठिकाणी शिक्षक सहानुभूतीने म्हणतात, ‘तू नुसता बसून ऐक, प्रयोग इतर मुले करतील.’ या वाक्यात दुष्टावा नसतो, काळजीच असते. परंतु त्याच क्षणी त्या मुलाच्या पुढील आयुष्यातील एक मोठी वाट बंद होण्यास आरंभ होतो. शेतीपासून संगणकापर्यंत आणि दवाखान्यापासून कारखान्यापर्यंत आज ज्या नोकऱ्या व व्यवसाय उपलब्ध आहेत, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी विज्ञान व गणित आहे. त्यापासून दूर ठेवलेले मूल केवळ एका विषयाला मुकत नाही, तर आपल्या उपजीविकेच्या अनेक शक्यतांना मुकते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार इतकी होती. हा प्रश्न मूठभरांचा नाही, हे या एका आकड्यावरून दिसून येईल.

मागील वाटचाल

दिव्यांगांच्या शिक्षणाच्या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८८५ साली मूकबधिरांसाठी शाळा सुरू झाली. देशातील अशा प्रकारची ही पहिली शाळा मानली जाते. दृष्टिहीनांसाठी मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनची आणि १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. पुण्याची अंधशाळा १९३४ सालची. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही समान लिपी स्वीकारण्यात आली आणि त्यामुळे मराठी पुस्तके ब्रेलमध्ये छापण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, राष्ट्रीय अंधजन मंडळाची मुंबईत स्थापना झाली. कर्णबधिरांच्या क्षेत्रात संशोधन व प्रशिक्षण करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये वांद्रे येथे सुरू झाली.

या संस्थांनी केलेले कार्य मोलाचे आहे. तथापि त्या काळातील एकूण दृष्टी अशी होती की, दिव्यांग मुलास लिहिता-वाचता यावे, त्याने संगीत, वेतकाम, विणकाम किंवा शिवणकाम यांपैकी एखादी कला हस्तगत करावी व स्वतःच्या पायावर उभे राहावे. प्रयोगशाळा ही आपल्या मुलांसाठी आहे, असे कोणास वाटले नाही. विज्ञान म्हणजे फळ्यावरील आकृती, रंगाचा बदल आणि मोजपट्टीवरील रेघ, अशी समजूत दृढ होती. ज्यास दिसत नाही त्याने हे करावे तरी कसे, हा प्रश्न उत्तर शोधण्यासाठी विचारला न जाता विषय संपविण्यासाठी विचारला जात असे.

सर्वसाधारण शाळेतच दिव्यांग मुलांना शिकवावे, या विचाराने केंद्र शासनाने १९७४ मध्ये एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे वर्ष आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले, तेव्हा या प्रश्नास मोठी चालना मिळाली. त्यानंतर १९९५ चा कायदा आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा स्पष्ट अंतर्भाव झाला आणि शेवटी दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ संमत झाला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगतेचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग निर्माण करण्यात आला. म्हणजेच आज मूल सर्वसाधारण शाळेत आहे आणि कायदाही त्याच्या बाजूचा आहे. असे असूनही प्रयोगशाळेच्या दाराशी ते थांबते. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे.

सवलतीची दुसरी बाजू

माध्यमिक शालान्त परीक्षेत काही प्रवर्गांतील दिव्यांग विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रज्ञान या विषयाऐवजी शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र हा विषय घेण्याची मुभा मिळत आली आहे. त्याचप्रमाणे बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित व त्यासोबत कार्यानुभवाचा एक विषय घेण्याची सोय आहे. ही तरतूद सद्हेतूने करण्यात आली असून, ज्या विद्यार्थ्यास तिची खरोखर गरज आहे त्याच्यासाठी ती आधार आहे. तिच्यामुळे अनेक मुले दहावीचा टप्पा पार करू शकली, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु सवलत ही विद्यार्थ्याची निवड असावयास हवी, शाळेची पळवाट असता कामा नये. मूल दृष्टिहीन आहे एवढे समजताच नववीच्या आरंभी त्याच्या नावापुढे पर्यायी विषय लिहून टाकला जातो, पालकांची सही घेतली जाते आणि प्रश्न मिटला असे समजले जाते. शेतमजुरी करणाऱ्या आईबापास त्या सहीचा अर्थ सांगितला जात नाही. दहावीला विज्ञान व गणित नाही, म्हणजे अकरावीची विज्ञान शाखा, तंत्रनिकेतने आणि त्यांपुढील अभियांत्रिकी, वैद्यकीय व कृषी अभ्यासक्रम यांची वाट जवळजवळ बंद झाली, हे त्यांना दोन वर्षांनी कळते. तेव्हा उपाय उरलेला नसतो. विज्ञानातून सूट देणे सोपे आहे व त्यास खर्च नाही. विज्ञानाची सोय करण्यास मात्र विचार व थोडे श्रम लागतात.

२०१६ च्या कायद्याचा रोख या दुसऱ्या बाजूस आहे. प्रत्येक शिक्षणसंस्थेने दिव्यांग विद्यार्थ्याच्या गरजेनुसार ‘वाजवी सोय’ करावयाची आहे. अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत योग्य ते फेरबदल करावयाचे आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगता असलेल्या मुलास अठरा वर्षांपर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व साहाय्यक उपकरणे विनामूल्य मिळावयाची आहेत. उच्च शिक्षणाच्या शासकीय व अनुदानित संस्थांत अशा विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. दहावीलाच विज्ञान सुटलेला विद्यार्थी विज्ञान शाखेतील राखीव जागेपर्यंत पोहोचणार कसा, याचा विचार प्रत्येक मुख्याध्यापकाने करावा.

न्यायालयांनीही हाच दृष्टिकोन पुढे नेला आहे. फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमाची दारे दृष्टिहीनांना बंद होती. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणामुळे तो मार्ग मोकळा झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, दिव्यांगतेचे प्रमाण अमुक टक्के आहे एवढ्याच कारणावरून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो किंवा कसे, हे तपासून पाहिले पाहिजे. हाच निकष आपल्या आठवीच्या वर्गासही लागू करता येईल. मुलास काय येत नाही हे प्रमाणपत्र सांगते. त्यास काय करता येईल हे शिक्षकाने पाहावयाचे असते.

स्पर्शाने, ऐकून आणि बोलून

दिव्यांग व्यक्तींनी विज्ञानात केलेली कामगिरी पाहिली म्हणजे पुष्कळशा शंका आपोआप दूर होतात. हीरत व्हर्माय हे मूळचे नेदरलंडमधील शास्त्रज्ञ वयाच्या तिसऱ्या वर्षी दृष्टीस मुकले. त्यांनी बोटांच्या स्पर्शाने शंखशिंपल्यांचा अभ्यास केला व त्यांवरील ओरखडे आणि दुरुस्तीच्या खुणा चाचपून प्राचीन सागरी जीवांमधील संघर्षाविषयी महत्त्वाचे सिद्धान्त मांडले. रशियाचे गणिती पाँत्रियागिन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटात गेली. त्यांच्या आईस उच्च गणित येत नव्हते, तरी चिन्हांच्या आकारावरून त्यांना स्वतःच नावे देऊन ती मुलास गणिताची पुस्तके वाचून दाखवीत असे. अग्निबाणाच्या गतीचे सूत्र १९०३ मध्ये प्रसिद्ध करणारे त्सिओल्कोव्हस्की हे बालपणीच्या आजारामुळे जवळजवळ बहिरे होते. अलीकडच्या काळात आंध्र प्रदेशातील श्रीकांत बोल्ला या दृष्टिहीन विद्यार्थ्याने अकरावीला विज्ञान शाखा मिळावी म्हणून न्यायालयात दाद मागितली. पुढे ते अमेरिकेतील विख्यात एम. आय. टी. संस्थेत शिकले आणि स्वदेशी परतून उद्योजक झाले.

पाँत्रियागिन यांच्या आईचे उदाहरण आपल्या दृष्टीने विशेष बोलके आहे. तिच्यापाशी ना उपकरण होते, ना प्रशिक्षण. मुलास विषय शिकू द्यावयाचाच, एवढा निर्धार होता. हा निर्धार असेल तर ग्रामीण शाळेत काय करता येते, ते आता प्रकारवार पाहू.

दृष्टिहीन व अल्पदृष्टी विद्यार्थी

प्रथम गणित. आपल्याकडील अंधशाळांत टेलर पाटी पूर्वीपासून वापरात आहे. या पाटीस अष्टकोनी भोके असतात. त्यांत बसविण्याचा लहानसा खिळा आठ दिशांनी ठेवता येतो आणि त्याची दोन टोके वेगवेगळी असल्याने एकूण सोळा चिन्हे तयार होतात. त्यांच्या साहाय्याने बोटांनी बेरीज-भागाकारापासून पुढील आकडेमोड करता येते. उच्च गणितातील घातांक, अपूर्णांक व समीकरणे लिहिण्यासाठी अब्राहम नेमेथ या दृष्टिहीन गणितज्ञाने १९५२ मध्ये ब्रेलवर आधारित संकेतलिपी तयार केली. म्हणजे साधने आहेत. ती शाळेपर्यंत आणणे एवढेच उरते.

आकृत्यांसाठी रबराच्या चटईवर जाड कागद ठेवून दातेरी चाकाने रेघ ओढावी. कागदाच्या पाठीमागे ठिपक्यांची उंच रेघ उमटते. मात्र पाठीमागून आकृती उलटी होते, म्हणून डावे-उजवे आधीच बदलून काढावे. हे चाक नसेल तर पुठ्ठ्यावर सुतळी, मोहरी किंवा डाळ चिकटवून हृदयाचे कप्पे, पानाच्या शिरा, विद्युत मंडल यांच्या आकृत्या तयार करता येतात. वर्गातील इतर मुलांकडून हे काम करवून घेतल्यास त्यांचाही अभ्यास होतो. एका आकृतीत फार तपशील भरू नयेत. बोट एका वेळी थोडेच वाचते.

प्रमाणाची कल्पना देण्यास प्रतिकृती फार उपयोगी पडते. जिंतूर तालुक्यापासून फार दूर नसलेले बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अशनीच्या आघाताने झाले, हे आपण शिकवितो. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर व खोली सुमारे १५० मीटर आहे. एक सेंटीमीटर बरोबर ५० मीटर असे प्रमाण धरल्यास प्रतिकृती ३६ सेंटीमीटर रुंद व अवघी ३ सेंटीमीटर खोल होते. म्हणजे घरातील उथळ परातच ती! चित्रे पाहून लोणार हा खोल खड्डा आहे असे समजणाऱ्या डोळस मुलांनाही ही परात नवे ज्ञान देऊन जाते. गावातील बारवेच्या पायऱ्या, टप्पे आणि चारही बाजूंची सममिती हीदेखील भूमितीचा उत्तम पाठ होऊ शकते. मात्र सोबत जबाबदार व्यक्ती असावी आणि प्राचीन वास्तूस इजा पोहोचणार नाही, ही दक्षता घ्यावी.

रसायनशास्त्रात आम्ल व आम्लारी ओळखण्यासाठी लिटमस कागदाचा रंग पाहावा लागतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी याच कामी कांदा उपयोगी पडतो. बारीक चिरलेल्या कांद्यासोबत स्वच्छ कापडाच्या पट्ट्या बंद पिशवीत रात्रभर ठेवाव्यात. सकाळी एका पट्टीवर सौम्य आम्लाचे व दुसरीवर सौम्य आम्लारीचे काही थेंब टाकावेत आणि पट्ट्या पाण्याने धुऊन हुंगाव्यात. आम्लात कांद्याचा वास टिकून राहतो, आम्लारीत तो नाहीसा होतो. व्हॅनिलाचा अर्क आणि लवंगेचे तेल हेही याच रीतीने गंधदर्शक म्हणून वापरता येतात. या प्रयोगात दृष्टिहीन विद्यार्थी प्रेक्षक राहत नाही, परीक्षक होतो.

विद्युत मंडलात दिव्याऐवजी छोटा बझर जोडला की मंडल पूर्ण झाल्याचे कानास कळते. द्रव मोजण्यासाठी सुई नसलेल्या प्लास्टिकच्या सिरिंजच्या दांड्यावर ठरावीक अंतराने खाचा पाडाव्यात. नखाने खाच मोजली की माप कळते. बियांचे अंकुरण रोज हाताने तपासता येते. सुरक्षिततेसाठी प्रयोगाचे सर्व साहित्य काठ असलेल्या ताटात किंवा परातीत ठेवावे, म्हणजे काही घरंगळत नाही. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी आणि प्रयोगापूर्वी विद्यार्थ्यास प्रयोगशाळेची नीट ओळख करून द्यावी. तीव्र आम्ल व उघडी ज्योत यांचा धोका सर्वच मुलांना असतो. त्यावर सर्वांनाच संरक्षण द्यावयाचे असते, एकास वर्गाबाहेर बसवावयाचे नसते.

येथे एक सूचना करणे अगत्याचे आहे. संपूर्ण दृष्टिहीन मुलांपेक्षा अल्पदृष्टी असलेली मुले अधिक असतात आणि पुष्कळदा ती ‘अभ्यासात कच्ची’ म्हणून ओळखली जातात. मोठा ठसा, काळ्या फळ्यावर ठळक पांढरी अक्षरे, उजेडाची जागा व पहिला बाक एवढ्यानेही त्यांच्यात फरक पडतो.

कर्णबधिर विद्यार्थी

कर्णबधिर विद्यार्थी डोळ्यांनी ऐकतो. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्याचा पाठ तेथेच थांबतो. विज्ञानाच्या तासास आणखी एक अडचण येते. शिक्षक एका हाताने परीक्षानळी तापवितात आणि त्याच वेळी स्पष्टीकरण देतात. ऐकणारी मुले दोन्ही गोष्टी एकदम ग्रहण करतात. कर्णबधिर मुलास मात्र नळी पाहावी की शिक्षकाचे ओठ अथवा हात पाहावेत, असा पेच पडतो. म्हणून आधी सांगावे, मग थांबून प्रयोग दाखवावा आणि नंतर पुन्हा बोलावे. यास एक पैसाही खर्च येत नाही.

बाष्पीभवन, घनता, त्वरण असे शब्द ऐकून कानावरून जातात तसे ते या मुलांच्या वाट्यास येत नाहीत. नव्या संज्ञा पाठापूर्वीच फळ्यावर लिहून वस्तू किंवा चित्रासह दाखवाव्यात. नवी दिल्ली येथे २०१५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार संज्ञांचा शब्दकोश २०२१ मध्ये पूर्ण केला. त्यात शैक्षणिक, तांत्रिक व शेतीविषयक संज्ञाही आहेत. शिक्षकाने आठवड्यास दहा खुणा शिकल्या आणि वर्गास शिकविल्या, तरी वर्षअखेरीस संवादाचे मोठे साधन तयार होईल.

ध्वनीचा पाठ कर्णबधिर मुलास शिकविता येत नाही, हाही गैरसमज आहे. नादकाटा वाजवून पाण्यात बुडविला की तुषार उडतात. फुगा हातात धरून ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले की कंपने तळहातास जाणवतात. ध्वनी म्हणजे कंपन, हे तत्त्व या मुलांना कदाचित इतरांपेक्षा लवकर समजते.

हालचाल, आकलन आणि आजार

चाकाच्या खुर्चीतील किंवा कॅलिपर लावणाऱ्या विद्यार्थ्यास अडविणारी गोष्ट बहुधा पायरी ही असते. वर्गखोलीस उतार असतो, परंतु प्रयोगशाळा व संगणककक्ष यांना नसतो. उताराचे प्रमाण एकास बारा असावे. म्हणजे एक फूट उंचीच्या जोत्यासाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. ठेकेदाराने जागा वाचविण्यासाठी तो पाच-सहा फुटांत आटोपला, तर कागदावर काम पूर्ण होते. खुर्ची मात्र वर चढत नाही. पंचायत सदस्यांनी काम पाहताना हे फुटपट्टीने तपासावे. प्रयोगशाळेत एखादे मेज कमी उंचीचे व खाली गुडघे शिरतील असे मोकळे असावे. ज्याचे हात काम देत नाहीत त्याने सूचना द्याव्यात व सहाध्यायाने त्याप्रमाणे कृती करावी. काय करावयाचे व का करावयाचे, हे सांगता येणे हेच विज्ञानाचे ज्ञान होय.

अध्ययन अक्षमता असलेली मुले दिसण्यात इतरांसारखीच असल्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. त्यांना कृतीच्या पायऱ्या एकेक करून चित्रासह द्याव्यात आणि उत्तर तोंडी सांगू द्यावे. बौद्धिक दिव्यांगता असलेल्या मुलांसाठी तराजू, घड्याळ, औषधाचे माप, स्वच्छता, बी पेरणे हे रोजच्या जीवनातील विज्ञान प्रत्यक्ष करून घ्यावे. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांचाही आता कायद्यात समावेश आहे. उपचारांमुळे या मुलांचे दिवस बुडतात. त्यांचे बुडालेले प्रयोग पुन्हा करून घेण्याची व्यवस्था शाळेने ठेवावी.

परीक्षेच्या बाबतीत केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र विद्यार्थ्यास दर तासास किमान वीस मिनिटे अधिक मिळतात. म्हणजे तीन तासांच्या उत्तरपत्रिकेस एक तास. लेखनिकाचीही तरतूद आहे. लेखनिकासोबत काम करण्याचा सराव मात्र आधीपासून हवा. रासायनिक समीकरण तोंडी सांगून लिहवून घेणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. ते मार्चच्या सकाळी परीक्षाकेंद्रावर शिकता येत नाही.

संगणकाचे साहाय्य

संगणकाने दृष्टिहीन विद्यार्थ्यांपुढे मोठे दालन खुले केले आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एन. व्ही. डी. ए. ही प्रणाली विनामूल्य मिळते व ती मराठीही वाचते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी २००३ मध्ये सुरू झालेल्या संसाधन केंद्राने या साधनांचा प्रसार केला आणि विज्ञान शाखा त्यांना खुली व्हावी यासाठीही प्रयत्न केले. दिल्लीच्या आय. आय. टी. मध्ये स्मार्ट केन ही काठी व स्पर्शाने वाचावयाच्या आकृत्या विकसित करण्यात आल्या. छापील पुस्तके सुलभ स्वरूपात आणण्यास आड येणारा स्वामित्वहक्काचा अडथळा २०१२ च्या कायदादुरुस्तीने दूर झाला. यासंबंधीचा माराकेश करार २०१४ मध्ये मान्य करणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे आंतरजालावरील ग्रंथालय उपलब्ध आहे.

या संदर्भात कार्यालयांना व शाळांना एक गोष्ट आजच करता येईल. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मराठी मजकूर आपल्याला मराठी दिसतो, पण यंत्रास तो रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी भासतो. पानाचे छायाचित्र काढून पाठविलेले परिपत्रकही यंत्राच्या दृष्टीने कोरेच असते. टिपणे, प्रश्नपेढ्या व परिपत्रके युनिकोडमध्ये टंकलिखित केली आणि आकृतीखाली तिचे दोन ओळींत वर्णन लिहिले, तर तोच मजकूर दृष्टिहीन विद्यार्थी, शिक्षक व कर्मचारी यांना तत्काळ उपलब्ध होतो.

कोणी काय करावे

या कामाचा आरंभ गावातच व्हावयास हवा. मुलाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र नसेल तर पुढील कोणताही लाभ मिळत नाही. जिल्हा रुग्णालयापर्यंतचा प्रवास आणि त्यासाठी बुडणारी मजुरी यांमुळे अनेक कुटुंबे हे काम पुढे ढकलतात. ग्रामपंचायतीने अशा मुलांची यादी करून एकत्रित प्रवासाची व्यवस्था केल्यास हा अडसर दूर होईल. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असे शासनाचे आदेश आहेत. तिचे वाटप करताना प्रयोगशाळेचा उतार, टेलर पाटी, आकृत्यांचे साहित्य किंवा संगणकाचे श्रवणयंत्र यांचाही विचार व्हावा.

शाळा व्यवस्थापन समितीने वर्षारंभीच्या बैठकीत एक विषय कायमचा ठेवावा : आपल्या शाळेतील दिव्यांग विद्यार्थी विज्ञानाचे प्रयोग स्वतः करतात काय? समग्र शिक्षा योजनेखालील विशेष शिक्षकांच्या भेटी भाषा व गणितापुरत्या न राहता विज्ञान शिक्षकासोबतही व्हाव्यात. शिक्षणाधिकाऱ्यांनी व गटशिक्षणाधिकाऱ्यांनी शाळातपासणीत पर्यायी विषय घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याबाबत तीन प्रश्न विचारावेत. त्यास विज्ञान शिकविण्याचा प्रयत्न झाला होता काय? कोणती सोय करून पाहिली? निर्णयाचे परिणाम पालकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितले काय? या तीन प्रश्नांची नोंद होऊ लागली, तर सहीपूर्वी विचार होऊ लागेल.

पालकांनीही ‘कशाला त्रास द्यायचा पोराला’ या मायेपोटी मागे सरू नये. ज्यास खरोखरच पर्यायी विषय हवा आहे, त्याने तो अवश्य घ्यावा. परंतु त्याआधी त्याच्या हाती एकदा तरी बझर लावलेले मंडल, कांद्याच्या पट्ट्या आणि खाचा पाडलेली सिरिंज पडली पाहिजे. स्वतः प्रयोग करून पाहिल्यावर ‘मला हे नको’ असे म्हणण्याचा अधिकार त्यास आहे. न देताच ‘त्यास हे जमणार नाही’ असे ठरविण्याचा अधिकार इतर कोणासही नाही.

शाळा उघडण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी आपल्या विज्ञान शिक्षकासह प्रयोगशाळेच्या दारात एकदा उभे राहावे. तेथील पायरी किती उंच आहे, मेज किती उंच आहे, कोणत्या वस्तूस हाताने ओळखण्याची खूण आहे आणि कोणत्या वस्तूस नाही, याची एका कागदावर नोंद करावी. ही यादी फार लांब होणार नाही. तिच्यातील निम्म्या बाबी गावातील सुतार, शिंपी आणि स्वतः विद्यार्थी मिळून आठ दिवसांत दुरुस्त करू शकतील. उरलेल्यांसाठी पंचायतीकडे मागणी करता येईल.